दृष्टिहीनांसाठी ओटीटी आणि यूट्यूब: स्क्रीन रीडर व कीबोर्डच्या साहाय्याने चित्रपट पाहण्याची सविस्तर पद्धत

यूट्यूबवर एखादे जुने मराठी नाटक लावले, तर दृष्टिहीन प्रेक्षकाचे फारसे काही अडत नाही, कारण नाटक संवादांवर चालते आणि कोण आले, कोण गेले हे बहुतेक वेळा पात्रेच बोलून दाखवतात. ओटीटीवरील आजच्या मालिकांचे तसे नसते. दार करकरते, पावले वाजतात, काहीतरी जड वस्तू पडते, संगीत चढत जाते आणि दोन-तीन मिनिटे एक शब्दही कानावर पडत नाही. नेमक्या त्याच वेळेत खून झालेला असतो. ही पोकळी भरून काढण्यासाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजेच श्राव्य वर्णन, असते. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत निवेदक पडद्यावर काय घडत आहे ते थोडक्यात सांगतो आणि हा सगळा आवाज एका वेगळ्या ध्वनी-ट्रॅकच्या रूपात उपलब्ध करून दिलेला असतो.

हा लेख विंडोज संगणक आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक जण आधी सेवेचे पैसे भरतात, मग चित्रपट निवडतात आणि शेवटी त्याला वर्णन आहे का ते शोधतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा असायला हवा. आधी संगणकावरचे आवाज मार्गी लावावेत, नंतर विनामूल्य सेवेवर हात बसवावा, मग वर्णन असलेल्या शीर्षकांची यादी ऐकावी आणि त्या यादीत आपल्या आवडीचे पुरेसे असेल तरच पैसे भरावेत.

पूर्वतयारी: स्क्रीन रीडर, आवाज आणि ब्राउझर

एनव्हीडीए पूर्णपणे विनामूल्य आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन प्रोग्रामरने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आज एनव्ही ॲक्सेस ही संस्था तो चालवते. पेन ड्राइव्हवरून चालणारी त्याची पोर्टेबल प्रत मिळते, परंतु व्हिडिओसाठी ती पुरेशी नाही, कारण पुढे सांगितलेली आवाज दबवण्याची सोय फक्त संगणकावर रीतसर इन्स्टॉल केलेल्या प्रतीतच चालते. लॅपटॉपवर इन्सर्ट ही कळ अनेकदा नसते किंवा अडचणीच्या जागी असते, म्हणून एनव्हीडीए पहिल्यांदा सुरू होताना येणाऱ्या स्वागताच्या खिडकीत कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ म्हणून वापरण्याचा पर्याय निवडून ठेवावा. या लेखात जिथे 'एनव्हीडीए कळ' म्हटले आहे, तिथे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक यांपैकी जी तुम्ही निवडली असेल ती समजावी.

आता वाचणाऱ्या आवाजाचा प्रश्न. विंडोजमधले इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे बहुधा मुकाट्याने गाळून टाकतात. त्यामुळे यूट्यूबवर मराठीत नाव दिलेला व्हिडिओ समोर असूनही 'लिंक' एवढेच ऐकू येते आणि नाव कळतच नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजांच्या संचात मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो, पण देवनागरी वाचतो. विंडोजमध्ये हिंदी भाषेचा आवाज उतरवून घेतला, तर तो देवनागरीही वाचतो आणि इंग्रजीही बऱ्यापैकी उच्चारतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवेत मात्र सगळी बटणे आणि मेनू इंग्रजीत असल्यामुळे तिथे भारतीय इंग्रजी आवाज कानाला जास्त सुसह्य होतो.

दर वेळी आवाज बदलत बसण्यापेक्षा एनव्हीडीएच्या कॉन्फिगरेशन प्रोफाइलचा उपयोग करावा. दोन ब्राउझर ठेवावेत, उदाहरणार्थ यूट्यूबसाठी फायरफॉक्स आणि ओटीटीसाठी क्रोम. फायरफॉक्स उघडे असताना एनव्हीडीए कळ + कंट्रोल + पी दाबावे, 'न्यू' बटणावर जावे, प्रोफाइलला नाव द्यावे, ते चालू ॲप्लिकेशनपुरते लागू करण्याचा पर्याय निवडावा आणि ओके करून त्याच स्थितीत आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी आवाज निवडावा. त्यानंतर फायरफॉक्समध्ये शिरताच आवाज आपोआप बदलतो आणि क्रोममध्ये गेल्यावर पुन्हा इंग्रजी येतो. ओटीटीसाठीही फायरफॉक्सच वापरायचे असेल, तर त्याच्या सामान्य सेटिंगमध्ये 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट' या चौकटीवर खूण असल्याची खात्री करावी. ती नसेल तर चित्रपट सुरूच होत नाही आणि त्याबद्दलची सूचना खिडकीच्या वरच्या पट्टीत अशा ठिकाणी येते, की ती आपल्या कानावर पडेलच असे नाही.

यूट्यूबचे सगळे मेनू मराठीत करता येतात, परंतु निदान शिकेपर्यंत तरी तसे करू नये असा माझा सल्ला आहे. मदतीसाठी कोणालाही फोन केला, तरी समोरचा माणूस 'सेटिंग्ज' आणि 'ऑडिओ ट्रॅक' असेच शब्द सांगणार. तुमच्या संगणकावर त्या बटणांची नावे वेगळी असतील, तर दोघांचाही वेळ जातो.

दोन आवाजांची टक्कर

चित्रपट बोलतो आणि स्क्रीन रीडरही बोलतो. ही टक्कर आधी थांबवली नाही, तर पुढची कोणतीही सेवा सुलभ वाटणार नाही. त्यासाठी चार उपाय आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिला उपाय ऑडिओ डकिंगचा. एनव्हीडीए कळ + शिफ्ट + डी दाबत गेल्यास तीन पर्याय फिरून येतात. त्यातला मधला निवडावा, म्हणजे एनव्हीडीए बोलत असतानाच चित्रपटाचा आवाज खाली जातो आणि बोलणे संपले की पूर्ववत होतो. 'ऑलवेज डक' हा पर्याय टाळावा, कारण त्यात चित्रपट सतत दबलेलाच राहतो.

दुसरा उपाय साउंड स्प्लिट. एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीपासून एनव्हीडीए कळ + ऑल्ट + एस दाबून स्क्रीन रीडर एका कानात आणि बाकीचे सगळे आवाज दुसऱ्या कानात असे वाटून घेता येतात. मालिका शोधताना, मेनू चाळताना ही सोय फार कामाची आहे. प्रत्यक्ष चित्रपट पाहताना मात्र ती बंद करावी, कारण एका कानात अडकलेला चित्रपट दिशेची जाण हरवून बसतो आणि कोणता माणूस कुठून बोलतो हे कळेनासे होते.

तिसरा उपाय बोलण्याची पद्धत बदलण्याचा. एनव्हीडीए कळ + एस दाबून 'ऑन-डिमांड' ही पद्धत निवडली, की एनव्हीडीए आपण होऊन काही बोलत नाही, पण शीर्षक किंवा वेळ मुद्दाम विचारली तर सांगतो. ही सोय २०२४.१ पासून आहे. चित्रपट सुरू झाल्यावर मी हीच पद्धत सुचवेन. चौथा उपाय म्हणजे स्लीप मोड. त्याची कळजोडणी डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ + शिफ्ट + एस आणि लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ + शिफ्ट + झेड अशी आहे. त्या एका ॲप्लिकेशनपुरता एनव्हीडीए पूर्ण झोपतो आणि सगळ्या कळा थेट ब्राउझरकडे जातात. नवख्या माणसाने हा शेवटचा उपाय जपून वापरावा, कारण आपण तो लावला आहे हे विसरल्यास ब्राउझर मुका झाल्याचा समज होतो आणि संगणक पुन्हा सुरू करण्यापर्यंत मजल जाते. त्याच कळा पुन्हा दाबल्या की तो जागा होतो.

यूट्यूबवर हात बसवणे

यूट्यूबला पैसे लागत नाहीत आणि त्याचा प्लेअर कीबोर्डवरून व्यवस्थित चालतो, म्हणून सुरुवात इथून करावी. संकेतस्थळ उघडल्यावर ई हे अक्षर दाबून शोधपेटीवर जावे, एंटर दाबून नाव टाइप करावे आणि पुन्हा एंटर दाबावे. निकाल आल्यावर एच दाबत गेल्यास एकेका व्हिडिओचे शीर्षक ऐकू येते. हवे ते मिळाले की एंटर दाबावे. व्हिडिओ लगेच सुरू होतो. जाहिरात आली तर थोडा वेळ थांबून बी दाबत बटणांमधून जावे आणि 'स्किप' ऐकू आल्यावर एंटर करावे.

नवशिक्यांची खरी अडचण यानंतर सुरू होते. यूट्यूबवर थांबण्या-चालण्यासाठी के हे अक्षर आहे, असे कोणीतरी सांगितलेले असते. माणूस के दाबतो, व्हिडिओ थांबत नाही आणि एनव्हीडीए भलत्याच लिंकचे नाव वाचतो. यात बिघाड काही नाही. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरण्याच्या पद्धतीत, के म्हणजे 'पुढची लिंक', एल म्हणजे 'पुढची यादी' आणि एफ म्हणजे 'पुढचा फॉर्म फील्ड'. ही अक्षरे यूट्यूबपर्यंत पोहोचण्याआधीच स्क्रीन रीडर ती स्वतःकडे ठेवून घेतो. एनव्हीडीए कळ + स्पेस दाबून फोकस मोडमध्ये गेल्यावर तीच अक्षरे प्लेअरला मिळतात. एकदाच एखादी कळ पलीकडे पाठवायची असेल, तर एनव्हीडीए कळ + एफ२ दाबून मग ती कळ दाबावी. हा एक मुद्दा नीट समजला, की पुढच्या सगळ्या सेवा सोप्या होतात. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी याच कामासाठी इन्सर्ट + झेड आणि विंडोजचा नॅरेटर वापरणाऱ्यांनी कॅप्स लॉक + स्पेस लक्षात ठेवावे.

फोकस मोडमध्ये के ने व्हिडिओ थांबतो व चालू होतो, जे ने दहा सेकंद मागे आणि एल ने दहा सेकंद पुढे जाता येते, एम ने आवाज बंद होतो, शिफ्ट + एन ने पुढचा व्हिडिओ लागतो आणि शून्य ते नऊ या आकड्यांनी व्हिडिओच्या त्या त्या दशांशावर उडी मारता येते. म्हणजे पाच दाबल्यास बरोबर मध्यावर. थांबवण्यासाठी स्पेसऐवजी के च वापरावा, कारण फोकस एखाद्या बटणावर असेल तर स्पेस ते बटण दाबतो. बाणांच्या कळांचेही तसेच आहे. फोकस आवाजाच्या पट्टीवर असेल तर बाणांनी व्हिडिओ पुढे-मागे होण्याऐवजी आवाज कमी-जास्त होतो. आणि शोधपेटीत किंवा प्रतिक्रियेच्या चौकटीत असताना ही अक्षरे दाबली, तर ती तिथे टाइप होतात, हेही ध्यानात ठेवावे.

चित्राच्या दर्जाचा विचार एकदाच करून टाकावा. प्लेअरमधील सेटिंग्ज बटण, मग क्वालिटी, मग १४४पी असे निवडले, तर इंटरनेटचा डेटा कितीतरी वाचतो आणि आवाजात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. त्याच सेटिंग्जमध्ये काही व्हिडिओंना 'ऑडिओ ट्रॅक' हा पर्याय दिसतो. तिथे दुसऱ्या भाषांतला आवाज किंवा क्वचित श्राव्य वर्णनाचा ट्रॅक सापडतो.

यूट्यूबवरील ज्या व्हिडिओंना वर्णन नाही, त्यांच्यासाठी यूडिस्क्राइब हा उपक्रम आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील स्मिथ-केटलवेल नेत्रसंशोधन संस्थेने तो २०१३ मध्ये सुरू केला. स्वयंसेवक एखाद्या यूट्यूब व्हिडिओसाठी स्वतःच्या आवाजात वर्णन ध्वनिमुद्रित करतात आणि यूडिस्क्राइबच्या संकेतस्थळावर तो व्हिडिओ लावला की योग्य ठिकाणी ते ऐकू येते. हव्या असलेल्या व्हिडिओची मागणीही तिथे नोंदवता येते. घरातील किंवा मित्रमंडळींतील डोळस माणसाला 'काहीतरी मदत करायची आहे' असे वाटत असेल, तर त्याला एखाद्या मराठी लघुपटाचे वर्णन करायला बसवावे. त्यासाठी मायक्रोफोन आणि एक रिकामी दुपार पुरते.

नेटफ्लिक्स: वर्णन शोधण्यापासून ते ऐकण्यापर्यंत

श्राव्य वर्णनाच्या बाबतीत भारतात मिळणाऱ्या सेवांपैकी नेटफ्लिक्स माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये नायक दृष्टिहीन असलेल्या एका मालिकेपासून त्यांनी ही सोय सुरू केली. त्याआधी दृष्टिहीन प्रेक्षकांनी बराच पाठपुरावा केला होता. आज त्यांच्या स्वतःच्या निर्मितींपैकी बहुतेकांना इंग्रजी वर्णन असते आणि काही भारतीय निर्मितींना हिंदीही मिळते.

योजना निवडताना एक खाचखळगा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरले, तेव्हा मोबाइल योजना १४९ रुपये आणि बेसिक योजना १९९ रुपये महिना झाली. मोबाइल योजना फक्त फोन आणि टॅबलेटवर चालते, संगणकावर चालत नाही. संगणकासाठी किमान बेसिक हवी. महागड्या योजनांमध्ये पैसे वाढतात ते चित्राच्या स्पष्टतेसाठी आणि एकाच वेळी चालणाऱ्या पडद्यांसाठी. आवाजावर अवलंबून असणाऱ्या एकट्या प्रेक्षकाला त्याचा काहीच उपयोग नाही. दर भरण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावेत.

खाते उघडल्याबरोबर करायचे पहिले काम म्हणजे आपोआप वाजणाऱ्या झलकी बंद करणे. यादीतून जात असताना प्रत्येक शीर्षकावर संगीत सुरू होते आणि स्क्रीन रीडर काय म्हणतो ते कळत नाही. खात्याच्या पानावर जाऊन आपले प्रोफाइल निवडावे, 'प्लेबॅक सेटिंग्ज' उघडावे आणि 'ऑटोप्ले प्रीव्ह्यूज' या चौकटीवरील खूण स्पेस दाबून काढावी. त्याच पानावर डेटाचा वापर ठरवता येतो. 'लो' निवडल्यास तासाला सुमारे ०.३ जीबी लागतो, तर एचडी चित्रासाठी सुमारे ३ जीबी. म्हणजे त्याच डेटात दहापट चित्रपट. शेवटी 'सेव्ह' बटण दाबायला विसरू नये.

यानंतर शोधपेटीत इंग्रजीत 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' टाइप करावे. वर्णन असलेल्या शीर्षकांचे संग्रह समोर येतात. त्यातूनच निवड केली, तर पंधरा मिनिटे मालिका ऐकून मग वर्णन नाही हे कळण्याची निराशा टळते. आणखी एक खात्रीचे ठिकाण म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या संस्थेचा ऑडिओ डिस्क्रिप्शन प्रोजेक्ट. कोणत्या सेवेवर कोणत्या शीर्षकाला इंग्रजी वर्णन आहे याच्या याद्या तिथे साध्या शीर्षकांच्या आणि दुव्यांच्या स्वरूपात आहेत. त्या अमेरिकेतील उपलब्धतेनुसार असतात, त्यामुळे भारतात ते शीर्षक आहे का हे पडताळून घ्यावे लागते.

आता प्रत्यक्ष ट्रॅक बदलण्याची कृती. शीर्षक उघडून 'प्ले' करावे आणि आवाज सुरू झाला की फोकस मोडमध्ये जाऊन स्पेसने चित्रपट थांबवावा. नेटफ्लिक्सच्या प्लेअरची बटणे थोडा वेळ हालचाल झाली नाही की पडद्यावरून निघून जातात आणि मग ती स्क्रीन रीडरलाही सापडत नाहीत. अनेकांना 'इथे बटणेच नाहीत' असे वाटते ते यामुळे. टॅब दाबत राहिले की ती परत येतात. टॅबने पुढे जाताना 'सीक बॅक', 'सीक फॉरवर्ड', आवाज, पुढचा भाग अशी बटणे एकामागून एक ऐकू येतील. 'ऑडिओ अँड सबटायटल्स' ऐकू आले की थांबून एंटर दाबावे. पॅनेलमध्ये आधी आवाजांची आणि नंतर सबटायटल्सची यादी असते. इंग्रजी मालिका असल्यास 'इंग्लिश', पुढे 'ओरिजिनल' असा उल्लेख, आणि खाली कुठेतरी 'इंग्लिश – ऑडिओ डिस्क्रिप्शन' असे वाचले जाईल. त्यावर एंटर दाबावे, निवड झाल्याचे ऐकावे आणि एस्केप एकदाच दाबून पॅनेल बंद करावे. पॅनेल उघडत नसेल किंवा बटणे फार लवकर नाहीशी होत असतील, तर ब्राउझ मोडमध्ये परत येऊन बी ने बटणे शोधून पाहावीत.

एकदा ही निवड केली, की पुढच्या भागालाही सहसा तीच लागू राहते. मालिकेचा पुढचा भाग लागल्यावर सुरुवातीच्या नामावलीतच निवेदकाचा आवाज येतो का याकडे कान ठेवावा. बाणांच्या डाव्या-उजव्या कळांनी दहा सेकंद मागे-पुढे जाता येते, वर-खाली बाणांनी आवाज कमी-जास्त होतो, एम ने बंद होतो आणि एस ने सुरुवातीचे गाणे ओलांडता येते. ते ओलांडण्याआधी एकदा तरी पूर्ण ऐकावे, कारण कलाकारांची नावे आणि शीर्षकचित्रांचे वर्णन त्यातच असते.

प्राइम व्हिडिओ आणि ॲपल टीव्ही

प्राइम व्हिडिओची चांगली गोष्ट म्हणजे पैसे न भरताही शीर्षकाचे पान वाचता येते. पानावरील तपशिलात 'ऑडिओ लँग्वेजेस' या मथळ्याखाली भाषांची यादी असते आणि वर्णन उपलब्ध असेल तर त्या भाषेपुढे चौकटी कंसात 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' असे लिहिलेले असते. चित्रपट सुरू झाल्यावर ट्रॅक बदलण्याची पद्धत साधारण तीच आहे. प्लेअर पानाच्या वर उघडतो, त्यामुळे ब्राउझ मोडमध्ये बाण फिरवल्यास कधी कधी मागच्या पानावरचाच मजकूर वाचला जातो. अशा वेळी फोकस मोड आणि टॅब यांवरच विसंबावे.

ॲपल टीव्ही या सेवेची मूळ निर्मिती संख्येने थोडी आहे, पण तिला श्राव्य वर्णन हमखास असते. विंडोजसाठी ॲप आहे आणि ब्राउझरमध्येही चालते.

भारतीय सेवांची परीक्षा कशी घ्यावी

मराठी मालिका, मराठी चित्रपट आणि क्रिकेट यांसाठी भारतीय सेवांकडे जावेच लागते. त्यांच्या संकेतस्थळांची रचना वारंवार बदलते, म्हणून अमुक सेवा चांगली आणि तमुक वाईट असा कायमचा निकाल देण्यात अर्थ नाही. वार्षिक वर्गणी भरण्याआधी विनामूल्य मिळणाऱ्या एखाद्या भागावर स्वतःच परीक्षा घ्यावी.

पहिली पायरी लॉग-इन. फोन नंबरची चौकट ई ने सापडते का, ओटीपीच्या सहा वेगवेगळ्या चौकटी असतील तर आकडे टाइप करताना फोकस आपोआप पुढे सरकतो का, आणि चित्र ओळखण्याचा कॅप्चा आडवा येतो का, ते पाहावे. दुसरी पायरी मुखपृष्ठ. एनव्हीडीए कळ + एफ७ दाबून घटकांची यादी उघडावी आणि मथळे किंवा लिंक यांना नावे आहेत का ते ऐकावे. सगळीकडे नुसते 'ग्राफिक' किंवा लांबलचक आकडे-अक्षरे ऐकू आली, तर शोधपेटीचा आधार घेतल्याशिवाय तिथे काही सापडणार नाही. तिसरी पायरी प्लेअर. बटणांना नावे नसली तरी स्पेस आणि बाण चालत असतील, तर रोजच्या वापरापुरते भागते. तेही चालत नसेल, तर ती सेवा संगणकावर घेऊ नये. त्याच सेवेचे फोनवरील ॲप पुष्कळदा बरे निघते. शेवटी भाषेच्या किंवा आवाजाच्या मेनूत वर्णनाचा पर्याय आहे का ते पाहावे. मराठी श्राव्य वर्णन मिळणे आज अत्यंत दुर्मीळ आहे, तेव्हा ते गृहीत धरून वर्गणी भरू नये.

परभाषेतील चित्रपट आणि सबटायटल्स

मल्याळम चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह पाहण्याची आता अनेक मराठी घरांना सवय झाली आहे, पण स्क्रीन रीडर ती सबटायटल्स आपण होऊन वाचत नाही. एनव्हीडीएच्या ॲड-ऑन स्टोअरमध्ये सबटायटल रीडर या प्रकारचे ॲड-ऑन शोधावे. सेवा मजकुराच्या स्वरूपात सबटायटल्स देत असेल, तर ती बदलली की ॲड-ऑन ती बोलून दाखवते. यासाठी वाचनाचा वेग नेहमीपेक्षा वाढवावा आणि डकिंग बंद ठेवावे, नाहीतर आवाज सतत वर-खाली होऊन मूळ अभिनय कानाआड जातो. चित्रातच छापलेली सबटायटल्स मात्र अशी वाचता येत नाहीत. एनव्हीडीए कळ + आर दाबून अक्षरे ओळखण्याची सोय आहे खरी, परंतु संरक्षित व्हिडिओचे चित्र ब्राउझर इतर प्रोग्रामना देत नसल्यामुळे तिथे बहुधा काळी चौकट हाती लागते. हिंदी किंवा इंग्रजी डबिंग उपलब्ध असेल, तर या खटाटोपापेक्षा ते बरे.

घरच्यांबरोबर पाहताना

एकत्र बसून पाहायचे ठरले, की डोळस मंडळींना निवेदकाचा आवाज नकोसा होतो आणि दृष्टिहीन माणूस संकोचाने 'राहू दे, मला कळतंय' म्हणून सोडून देतो. निदान स्क्रीन रीडरची बडबड तरी वेगळी काढणे सोपे आहे. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आवाज कोणत्या उपकरणातून यावा हे ठरवता येते. तिथे यूएसबी इअरफोन निवडावा आणि चित्रपट संगणकाच्या स्पीकरवर ठेवावा. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, तेव्हा तारेचा असेल तर उत्तम. वर्णनाचा ट्रॅक फक्त स्वतःला हवा असेल, तर तोच चित्रपट फोनवर वर्णनासह लावून एका कानात ऐकता येतो. त्यासाठी एकाच वेळी दोन पडदे चालणारी योजना लागते आणि सुरुवातीला दोन्ही एकत्र आणण्यासाठी फोनवर थोडे मागे-पुढे करावे लागते.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. वर्णनाचा ट्रॅक चित्रपटासोबत सगळीकडे जातोच असे नाही. तो स्वतंत्रपणे पुरवला जातो, त्यामुळे एकाच चित्रपटाला एका सेवेवर वर्णन असते आणि दुसऱ्या सेवेवर किंवा दुसऱ्या देशात नसते. ब्रिटनमध्ये असाल तर बीबीसी आयप्लेअरवर श्राव्य वर्णन असलेल्या कार्यक्रमांचा वेगळा विभाग आहे, त्याचा जरूर लाभ घ्यावा.

तक्रार करायची ती नेमकी

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांची सोय व्हावी यासाठी शासनाने उपाय योजावेत असे स्पष्ट म्हटले आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील आचारसंहितेतही ओटीटी सेवांनी शक्य तितके प्रयत्न करून आपली सामग्री दिव्यांगांसाठी सुलभ करावी अशी अपेक्षा आहे. मात्र 'शक्य तितके' या शब्दांत पळवाटेला भरपूर जागा आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटी प्रदर्शनासाठी हिंदी श्राव्य वर्णन तयार करण्याचे निर्देश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. तेव्हा आपली मागणी मेहेरबानीची नाही, हे तक्रार लिहिताना मनात असू द्यावे.

'तुमचे संकेतस्थळ अंधांना वापरता येत नाही' एवढेच लिहिलेल्या पत्रावर कोणीही काही करू शकत नाही. तक्रारीत शीर्षकाचे नाव, भाग आणि मिनिट, ब्राउझर आणि एनव्हीडीए यांच्या आवृत्त्या, कोणती कळ दाबली, काय ऐकू यायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय ऐकू आले, हे सगळे लिहावे. उदाहरणार्थ, 'प्लेअर सुरू असताना टॅब दाबल्यावर चौथ्या घटकावर नुसते "बटण" असे वाचले जाते, डोळस व्यक्तीकडून खात्री केल्यावर ते आवाजाची भाषा बदलण्याचे बटण निघाले, त्याला नाव द्यावे' असे वाक्य थेट प्रोग्रामरच्या टेबलावर जाऊ शकते. वर्णन नसल्याची तक्रार आणि बटणाला नाव नसल्याची तक्रार वेगवेगळ्या ई-मेलमध्ये पाठवावी, कारण पहिली आशय विकत घेणाऱ्या विभागाकडे जाते आणि दुसरी तांत्रिक विभागाकडे. सेवेच्या संकेतस्थळावर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. तिथे एंड कळ दाबून मग शिफ्ट + के ने उलटे येत गेल्यास तो लवकर सापडतो. ई-मेलची प्रत जपून ठेवावी. दाद लागली नाही तर महाराष्ट्रातील वाचकांना पुण्यातील दिव्यांग आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करता येतो आणि तिथे हा पत्रव्यवहार जोडावा लागतो.